असेंबल्ड आरओ: परीक्षा वेस्टच्या नळीवर

दुकानात आरओ दाखवताना विक्रेता पुढचा नळ सोडतो, ग्लासात टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा, मीटर बुडवतो, आकडा ३५-४० येतो आणि गिऱ्हाईक खूश होतं. पण कोणताही नवा मेंब्रेन (क्षार अडवणारी मुख्य गाळणी) पहिल्या महिन्यात तेवढा आकडा देतोच. मशीनची खरी परीक्षा होते ती मागून सिंकमध्ये सोडलेल्या पाव इंची नळीवर, म्हणजे टाकाऊ पाण्याच्या, वेस्टच्या नळीवर. तिच्यातून मिनिटाला किती पाणी जातं, मशीन बंद केल्यावर ते थांबतं का आणि त्या पाण्याचा टीडीएस किती, एवढं मोजलं की मेंब्रेन किती टिकणार आणि वर्षाला किती पाणी वाया जाणार याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

हे परीक्षण कोणत्याही गल्लीतला आरओवाला विकतो त्या असेंबल्ड मशीनचं आहे: प्लॅस्टिकचं कॅबिनेट, १२ लिटरची टाकी, ८० जीपीडीचा (दिवसाला ८० गॅलन) मेंब्रेन, २४ व्होल्टचा पंप. किंमत साधारण साडेपाच ते आठ हजार. दहा ते वीस हजारांच्या कंपनीच्या मशीनमध्ये आत हेच भाग असतात. फरक बांधणीत, वॉरंटीत आणि सुटे भाग कुणाकडून घ्यावे लागतात यात असतो. बऱ्याच कंपन्यांनी आपल्या कँडलचे (गाळणीच्या नळकांड्यांचे) सांधे असे बनवले आहेत की बाजारातला साधा भाग बसत नाही, मग दर वर्षी त्यांचाच सेट, त्यांच्याच भावाने. असेंबल्ड मशीनला ही अट नाही. स्पन (बाहेरची गाळाची गाळणी), सेडिमेंट (आतली, बारीक गाळाची), कार्बन (क्लोरीन आणि वास काढणारा), मेंब्रेन, सगळं मोजमाप ठरलेलं आणि कोणत्याही गावात मिळणारं. हाच त्याचा सर्वांत मोठा गुण. दोष हा, की आत नेमकं काय घातलंय याची खात्री फक्त जोडणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर.

आधी पाणी कोणतं ते बघा

मुंबई महापालिकेचं पाणी भातसा, वैतरणा, तानसा या धरणांतून येतं आणि मुळातच मऊ असतं. पुण्यात खडकवासल्याच्या साखळीतलं पाणी घेणाऱ्या पेठांचीही तीच गोष्ट. अशा ठिकाणी नळाचा टीडीएस १००च्या आसपास किंवा त्याहून कमी निघतो. तिथे आरओ लावणं म्हणजे चांगल्या पाण्याचे दोन भाग करून मोठा भाग फेकून देणं. ७० टीडीएसच्या पाण्यावर आरओ चालवला तर वेस्टच्या नळीतून जेमतेम ९५ टीडीएसचं पाणी बाहेर पडतं. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चालतो. म्हणजे मोरीत जाणारं ते पाणी, क्षारांपुरतं बोलायचं तर, निम्म्या महाराष्ट्राच्या बोअरपेक्षा चांगलं. अशा घरांना यूव्ही (जंतू मारणारा अतिनील दिवा) किंवा यूएफ (जंतू अडवणारी बारीक गाळणी) पुरे. जंतू मरायला किंवा अडायला हवेत, क्षार काढायला नको.

२०१९मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने पर्यावरण मंत्रालयाला नेमकं हेच सांगितलं होतं: जिथे टीडीएस ५००च्या आत आहे तिथे आरओ नको, आणि जिथे चालेल तिथे निदान ६० टक्के पाणी वापरात यायला हवं. दुसरी अट कागदावर सोपी वाटते, घरगुती मशीनवर ती किती अवघड आहे ते पुढे येईलच.

आरओची खरी गरज कुठे? शहराच्या हद्दीबाहेर वाढलेल्या सोसायट्या, जिथे उन्हाळ्यात टँकर आणि एरवी बोअर. काळ्या दगडातल्या बोअरचं पाणी बहुतेक जड असतं. बादलीला पांढरा थर धरतो, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल क्षाराने जाते. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर पाणी चवीलाच खारट. आणि यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडकडच्या ज्या गावांत भूजलात फ्लोराइड आहे तिथे आरओ ही चैन नव्हे.

टीडीएस मीटर दोन-चारशे रुपयांत मिळतो, घ्यावाच. पण तो पाण्यातून वीज किती सहज वाहते तेवढंच मोजतो आणि त्यावरून आकडा काढतो. जंतू, कीटकनाशकं त्याला दिसत नाहीत. फ्लोराइड आणि नायट्रेट एकूण आकड्यात मिसळलेले असतात, वेगळे कळत नाहीत. ४०० टीडीएसच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेच्या वर असू शकतं. त्यामुळे बोअरचं पाणी पीत असाल तर मशीन घेण्याआधी एकदा प्रयोगशाळेत तपासून घ्या. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. अहवालात चार आकडे (मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये) बघायचे: टीडीएस, एकूण कठीणपणा (पाणी किती जड ते), फ्लोराइड (मर्यादा १, दुसरा स्रोतच नसेल तर १.५) आणि नायट्रेट (४५). यातला कठीणपणाचा आकडा जपून ठेवा, मशीन कसं बांधायचं ते त्यावर ठरतं.

मिनिटाला किती

जीपीडी म्हणजे दिवसाला किती गॅलन. ८० जीपीडी म्हणजे चोवीस तासांत सुमारे ३०० लिटर, तासाला साडेबारा, मिनिटाला २१० मिली. हा आकडा कमी क्षाराच्या, २५ अंश तापमानाच्या पाण्यावर, ठरावीक दाबाला काढलेला असतो. प्रत्यक्षात दर १०० टीडीएसमागे साधारण १ पीएसआय दाब नुसता क्षारांशी झुंजण्यात खर्च होतो आणि पाणी एक अंशाने गार झालं की उत्पन्न सुमारे ३ टक्क्यांनी घटतं. १०००-१२०० टीडीएसच्या बोअरवर नव्या मशीनने मिनिटाला १५०-१७० मिली दिलं तर ते ठीक आहे. डिसेंबरात सकाळी टाकी उशिरा भरते म्हणून पंप बदलायला निघू नका.

शुद्ध पाण्याच्या नळीपेक्षा महत्त्वाचा भाग वेस्टच्या नळीवर असतो: एफआर, म्हणजे फ्लो रिस्ट्रिक्टर. बोटाएवढी पांढरी नळकांडी, किंमत शंभराच्या आत. वेस्टची वाट तोच अरुंद करतो, म्हणून मेंब्रेनवर दाब तयार होतो. त्यावर ३००, ३५०, ४५०, ५५० असा आकडा छापलेला असतो. साधारण तितके मिली पाणी मिनिटाला वेस्टमध्ये जातं. आरओवाला बहुतेक वेळा ४५० टाकून मोकळा होतो. कुठलंही पाणी असो, मेंब्रेन वर्षभर टिकतो आणि गिऱ्हाईक भांडत नाही.

आता हिशेब. शुद्ध १६०, वेस्ट ४५०. म्हणजे आत आलेल्या ६१० मिलीपैकी २६ टक्के पदरात, एका लिटरमागे पावणेतीन लिटर वेस्ट. चार-पाच माणसांच्या घरात पिण्याला आणि स्वयंपाकाला रोज २० लिटर धरले तर ५६ लिटर वेस्ट. वर्षाला वीस हजार लिटरच्या वर, दहा हजारी टँकर दोन. एफआर ३००चा लावला की तेच प्रमाण ३५ टक्क्यांवर जातं आणि रोजचे जवळपास २० लिटर वाचतात.

मग सगळ्यांनीच ३०० का लावू नये? वेस्ट कमी केलं की उरलेल्या पाण्यात क्षार दाटतात, म्हणून. १२०० टीडीएसचं पाणी २६ टक्क्यांवर चालवलं तर मेंब्रेनच्या शेवटच्या टोकाला सुमारे १६०० टीडीएसचं पाणी असतं. ३५ टक्क्यांवर १८५०. लवादाच्या ६० टक्क्यांवर ३०००. कठीणपणाही त्याच पटीत वाढतो: ५००चा १२५० होतो आणि कॅल्शियम कार्बोनेट मेंब्रेनच्या पृष्ठभागावर बसायला लागतं, किटलीत बसतं तसंच. सहा महिन्यांत मेंब्रेन चोक. ‘पाणी वाचवणारा आरओ’ अशी जाहिरात असलेलं मशीन मऊ पाण्यावर छान चालतं. गंमत अशी, की मऊ पाण्याला आरओच लागत नाही.

आमचा कौल असा. कठीणपणा २००च्या आत असून टीडीएस जास्त असेल तर ३००. २०० ते ४०० असेल तर ३५०, सोबत प्री-फिल्टरच्या बाउलमध्ये अँटिस्केलंटच्या गोळ्या, तीन-चार महिन्यांनी भर घालून. ४००च्या वर ४५० ठेवा आणि वेस्टचं पाणी वापरा, लोभ करू नका. अँटिस्केलंट टीडीएस कमी करत नाही, क्षारांचे खडे धरू देत नाही इतकंच. ‘गोळ्या टाकल्या तरी मीटर तेवढाच’ ही तक्रार म्हणूनच चुकीची.

दोन हजारांच्या वर टीडीएस असलेल्या पाण्यावर हे ८० जीपीडीचं मशीन घेऊ नये. चालतं, पण पंपाची ताकद पुरत नाही, पाणी थेंबाथेंबाने येतं आणि मेंब्रेन बदलण्यातच पैसे जातात.

मोजणं सोपं आहे. टाकी अर्धी रिकामी करा, मशीन दहा मिनिटं चालू द्या, मग मापाचा जग धरून प्रत्येक नळीचं एकेक मिनिटाचं पाणी मोजा आणि तीनही पाण्यांचा टीडीएस घ्या: येणारं, शुद्ध, वेस्ट. येणारा वजा शुद्ध, भागिले येणारा, गुणिले शंभर. ९० टक्क्यांच्या वर असेल तर मेंब्रेन उत्तम, ८०च्या खाली गेला तर बदलायची वेळ. मात्र टीडीएस कंट्रोलर असेल तर मेंब्रेनच्या बाहेर पडणाऱ्या नळीचंच पाणी घ्या, पुढच्या नळाचं नाही. आणि सकाळच्या पहिल्या पाण्यावरून निकाल देऊ नका. रात्रभर मशीन बंद असताना क्षार मेंब्रेनच्या पलीकडे झिरपतात, पहिलं पाणी नेहमी जास्त आकडा दाखवतं. एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) विकायला आलेला माणूस नेमकं तेच पाणी मोजून दाखवतो.

टीडीएस कंट्रोलरचा घोळ

शुद्ध पाण्याला चव राहावी म्हणून कंट्रोलर नावाची छोटी चावी बसवतात. ती मेंब्रेनमधून न गेलेलं पाणी थोडं शुद्ध पाण्यात सोडते. येणारं पाणी १२००चं, मेंब्रेनमधून आलेलं ६०चं आणि हवं आहे १५०, तर मिसळ फक्त ८ टक्के लागते. इथपर्यंत ठीक. पण येणारं पाणी ४००चं असेल आणि मेंब्रेन २०चं देत असेल तर १५० गाठायला ३४ टक्के, म्हणजे एक तृतीयांश पाणी मेंब्रेनला न शिवता ग्लासात येतं. मग आरओ घेतला कशाला? मिसळलेल्या पाण्यातले जंतू मारायला पुढे चालू स्थितीतला यूव्ही किंवा यूएफ हवाच. आणि फ्लोराइड किंवा नायट्रेट मर्यादेबाहेर असेल तिथे ही चावी पूर्ण बंद ठेवा. चव सपक लागली तर लागू द्या.

यूव्हीबद्दल एक गोष्ट: ११ वॉटची नळी निळी दिसते म्हणजे काम करते असं नाही. जंतू मारणारे २५४ नॅनोमीटरचे किरण डोळ्याला दिसत नाहीत, ते आधी क्षीण होतात, निळा उजेड मागे राहतो. वर्षातून एकदा नळी बदलायची. टाकीत लावलेला निळा एलईडी बहुतेक मशीनमध्ये शोभेचा. कॉपर, अल्कलाइन, ‘मिनरल’ कँडल यांनी चव बदलते, पीएच थोडा वर येतो. त्यासाठी हजार-दीड हजार जास्त मोजावेत असं काही त्यात नाही.

आत काय घालून घ्यावं

पैसे खर्च करायचेच असतील तर मेंब्रेन आणि पंपावर करा. मेंब्रेनमध्ये फिल्मटेक, सीएसएम, वॉन्ट्रॉन ही नावं बाजारात नीट माहीत असलेली. त्यांच्या नकलाही भरपूर. सीलबंद पिशवी आपल्यासमोर फोडून घ्या. बिनब्रँडचा मेंब्रेन पहिल्या दिवशी तसाच चालतो, सहाव्या महिन्यात फरक कळतो.

मेंब्रेनचे दोन शत्रू: क्षार आणि क्लोरीन. नगरपालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन मेंब्रेनवरचा पॉलिअमाइडचा पातळ थर खाऊन टाकतं, म्हणून त्याच्या आधी कार्बन. ज्या घरात पालिकेचं पाणी आणि बोअर आलटून पालटून येतं तिथे कार्बन वेळेवर बदलला नाही तर मेंब्रेन चोक होत नाही, उलट पाणी भरपूर देतो आणि टीडीएस वाढत जातो. चोक झालेला मेंब्रेन आणि क्लोरीनने खाल्लेला मेंब्रेन यांची लक्षणं बरोबर उलटी, हे लक्षात ठेवलं की अर्धं निदान घरीच होतं.

तिसरा शत्रू आपल्याकडच्या उन्हाळ्यातला. मेंब्रेनला ४५ अंशांपेक्षा गरम पाणी सोसत नाही. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी हात भाजेल इतकं तापतं. त्या दिवसांत मशीन पहाटे भरून घ्या आणि दुपारी इनलेटची चावी बंद ठेवा.

दाबाचंही बघा. टाकीच्या लगेच खालच्या मजल्यावर पाण्याचा दाब अगदी कमी असतो. दहा फूट उंचीला जेमतेम सव्वाचार पीएसआय. पंपाला पाणी पुरत नाही, तो घरघरतो आणि चालू-बंद होत राहतो. नळी लांब नको, स्पन तुंबलेला नको. उंच इमारतीच्या तळमजल्यावर उलट प्रकार: साठ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब ८५ पीएसआय. तिथे प्री-फिल्टरचा बाउल रात्रीत फुटतो आणि घरात पाणी होतं. दाब कमी करणारा व्हॉल्व्ह आधी बसवा, मग मशीन.

बिघाड नळीवरून ओळखायचा

पंप चालतोय, पण शुद्ध आणि वेस्ट दोन्ही नळ्या कोरड्या: पाणी आतच येत नाही. इनलेटची चावी, तुंबलेला स्पन, किंवा न उघडणारा एसव्ही म्हणजे सोलेनॉइड व्हॉल्व्ह. आधी स्पन काढून मशीन क्षणभर चालवून बघा. धार आली तर दोनशेच्या आत काम झालं.

वेस्ट जोरात, शुद्ध नाहीच: मेंब्रेन चोक, किंवा पंप अशक्त, किंवा एफआर निसटून वाट मोकळी झालेली. या तिघांत फरक करायला मेंब्रेनच्या आधी प्रेशर गेज लावावा लागतो. ६० ते ८० पीएसआय असेल तर पंप आणि एफआर दोन्ही बरे, दोष मेंब्रेनचा. ५०च्या खाली असेल तर आधी एफआर बदला, तो स्वस्त आहे. दाब वाढला नाही तर पंप. गेज न लावता सरळ मेंब्रेन बदलायला सांगणाऱ्याला परत पाठवा.

शुद्ध पाणी भरपूर, वेस्ट अगदी बारीक: एफआर तुंबलाय. ‘वा, वेस्ट कमी झालं’ म्हणून आनंद मानणारी घरं बरीच आहेत. महिन्या-दोन महिन्यांत मेंब्रेन जातो. वेस्टची नळी कुंडीत किंवा बादलीत नेताना मोडून दुमडली तरी हेच होतं.

मशीन बंद, टाकी भरलेली, तरी वेस्टची धार चालू: एसव्ही बंद होत नाही. आतल्या रबराखाली कचरा अडकतो. स्विच बंद केल्यावर मिनिट-दोन मिनिटांत थेंब थांबायला हवेत. नाही थांबले तर चोवीस तास पाणी वाहतंय आणि बाकी कुठलंही लक्षण दिसत नाही. एसव्ही दोन-तीनशेला मिळतो. ही तपासणी आठवड्यातून एकदा करा. सगळ्या परीक्षणात एवढी एकच गोष्ट पाळली तरी चालेल.

टाकी ओसंडते: फ्लोट (टाकी भरली की मशीन थांबवणारा तरंगता खटका) अडकलाय, दांडीवरचे क्षार व्हिनेगरने पुसा. मशीन पूर्ण मेलंय, दिवाही नाही: अडॅप्टर. पाण्याला वास येतो: शेवटचा कार्बन जुना झालाय किंवा टाकीच्या भिंतीला बुळबुळीत थर धरलाय. आरओच्या पाण्यात क्लोरीन उरत नाही, साठवणीत जंतू सुखाने वाढतात. टाकी तीन महिन्यांनी उघडून हाताने धुवायलाच हवी. गावाला जाताना ती रिकामी करा, पंधरा दिवसांनी परत आलात तर पहिल्या दोन टाक्या सोडून द्या.

मेंब्रेन घरी बदलता येतो

इनलेट बंद, वीज बंद, टाकीचा नळ उघडा. हाउसिंगच्या (मेंब्रेन ज्या नळकांड्यात बसतो त्याच्या) एका टोकाला एक नळी असते, तो फिरवायचा कॅप. दुसऱ्या टोकाला दोन नळ्या. कॅप पान्याने सोडवा, जुना मेंब्रेन चिमट्याने ओढा. नवा घालताना ज्या टोकाला दोन बारीक ओ-रिंग आहेत ते टोक आधी आत, दोन नळ्यांच्या बाजूला. मोठी रबरी कड कॅपकडे राहते. ओ-रिंगला पाण्याचं बोट लावा, तेल नको. टोक खोबणीत बसल्याचा हलका झटका हाताला कळतो. तो लागला नाही आणि तसाच कॅप आवळला तर क्षाराचं पाणी शुद्ध पाण्यात घुसतं आणि नव्या मेंब्रेनवर टीडीएस ४०० येतो. दुकानदाराशी भांडण्याआधी एकदा काढून पुन्हा बसवा. नव्या मेंब्रेनमध्ये टिकवण्यासाठी रसायन असू शकतं, पहिल्या दोन टाक्या फेका.

‘मेंब्रेन वॉश’ म्हणून तीनशे रुपये घेतात, त्यात बहुतेक सायट्रिक ॲसिड असतं. दोन टक्क्यांच्या द्रावणाने कार्बोनेटचा ताजा थर सुटतो, धार महिना-दोन महिने सुधारते. सल्फेट किंवा सिलिकाचा थर त्याला दाद देत नाही. एकदा करून बघायला हरकत नाही, दुसऱ्यांदा तेच पैसे नव्या मेंब्रेनला लावा.

बदलण्याचं वेळापत्रक कॅलेंडरवर न ठरवता पाण्यावर ठरवा. बाहेरचा स्पन गढूळ टँकरच्या पाण्यावर महिन्यात तपकिरी होतो, धरणाच्या पाण्यावर चार महिने टिकतो. पारदर्शक बाउल घ्या म्हणजे दिसतो. सेडिमेंट आणि कार्बनचा जोड सहा महिने ते वर्ष. मेंब्रेन दीड ते तीन वर्षं, अतिजड पाण्यावर एक. वर्षाचा खर्च स्वतः भाग आणून केला तर हजार-बाराशेत बसतो, ज्या वर्षी मेंब्रेन बदलायचा त्या वर्षी दोन-अडीच हजार. एएमसीवाले तीन ते सहा हजार घेतात आणि बऱ्याच करारांत मेंब्रेन, पंप वगळलेले असतात. खालच्या बारीक अक्षरांत बघा. वीज नगण्य आहे, पंप ३०-४० वॉटचा आणि रोज दोन तास.

वेस्टचं पाणी फरशी पुसायला, संडासात, भांड्यांच्या पहिल्या विसळणीला खुशाल वापरा. झाडांना मात्र मीटर लावून. १५००च्या वर गेलं की आधी तुळशीच्या पानांच्या कडा जळतात आणि कुंडीच्या मातीवर पांढरी बुरशीसारखी खपली येते. ती बुरशी नसते, मीठ असतं.

दारावर येऊन पाण्यात दोन सळ्या सोडून ते तपकिरी, काळपट करून दाखवणाऱ्यापासून सावध राहा. त्या सळ्यांपैकी एक लोखंडाची असते, वीज सोडली की तीच गंजून पाण्यात उतरते. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते आणि रंग येतो, आरओच्या पाण्यात वाहत नाही म्हणून ते स्वच्छ दिसतं. त्याच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि सळ्या पुन्हा सोडायला सांगा.

असेंबल्ड मशीन घेताना बिलावर पाच गोष्टी लिहून घ्या: मेंब्रेनचा ब्रँड आणि जीपीडी, पंपाचा ब्रँड, एफआरचा आकडा, बसवल्या दिवशीचे तिन्ही पाण्यांचे टीडीएस आणि मिनिटाला शुद्ध व वेस्ट किती मिली. लिहून द्यायला का-कू करणाऱ्याकडे एफआरचा आकडा विचारा. तोही सांगता आला नाही, तर दुसरं दुकान बघा.